पोळ्याच्या दिवशी जुंपलेली तीनचाकी

माणूस स्वतः चालवत असलेल्या गाडीखाली स्वतःच सापडू शकतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचा दावा फेटाळून लावला असता. माझं कामच ते आहे. आर्णीला एका विमा कचेरीत बसून मी दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचतो. कुणाच्या मोटरसायकलसमोर रानडुक्कर आलं, कुणी ट्रॉलीवरून पडलं, कुणाचा हात मळणीयंत्रात गेला. इतकी वर्षं हे वाचून माझी पक्की समजूत झाली होती, की अपघात ही दुसऱ्याला होणारी गोष्ट आहे आणि आपल्याकडे त्याचा फक्त कागद येतो.

ती गाडी मला आमच्या नेहमीच्या गॅरेजच्या मागे दिसली. पांढरकवड्याकडे जंगलाच्या काठाला कुण्या हौशी माणसाने पर्यटकांसाठी झोपड्या बांधल्या होत्या. वाघ दिसला नाही तर पाहुण्यांना निदान ही गाडी तरी फिरवायला मिळावी, म्हणून त्याने ती कुठून तरी मिळवलेली. वाघ बहुधा दिसत नसावा, कारण गाडी पार झिजली होती आणि झोपड्याही बंद पडल्या होत्या. लाल रंग, मोटरसायकलसारखा हँडल, लांबलचक सीट. आणि चाकं तीन: एक पुढे, दोन मागे, तिन्ही फुगलेल्या भोपळ्यासारखी. हवा इतकी कमी, की अंगठ्याने दाबलं तर टायर आत जाई.

“साहेब,” गॅरेजवाला म्हणाला, “घेऊन राह्यले त घ्या, पन आयकून घ्या. बाहेरच्या देशात हे इकनं बंद केलं म्हन्ते. लोकं लय पडे हिच्यावरून.”

मला त्यातलं ‘बाहेरच्या देशात’ एवढंच ऐकू आलं.

पहिल्यांदा ती चालवली ते आर्णीबाहेरच्या एका पडीत वावरात, पावसाची चांगली झड लागून गेल्यावर. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पावसात ती आलेल्या पाहुण्याला सोडत नाही. चप्पल ठेवून घेते, मोटरसायकल ठेवून घेते, ट्रॅक्टरसुद्धा चार दिवस मुक्कामाला ठेवून घेते. त्या चिखलावर मी जीव मुठीत धरून उजव्या अंगठ्याने तिची वेगाची खटकी दाबली, आणि ती बया निघाली. रुतली नाही, घसरली नाही. तळ्यावर पान तरंगत जावं तशी त्या काळ्या लोण्यावरून निघून गेली. वावराच्या पार कडेला जाऊन मी थांबलो, उतरलो आणि मागे पाहिलं. माझ्या बुटाचा ठसा वीतभर खोल गेला होता. एवढ्या लोखंडाचा, त्यावर बसलेल्या माझ्या पोटासकट, ठसा बोटभरही नव्हता. ज्या मातीत माझ्या आजोबापणजोबांची हयात पाय उपसण्यात गेली, तिच्या अंगावरून ही नुसता हात फिरवल्यासारखी गेली होती. मी तिला नकळत नमस्कार केला. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं, पण सोबत आलेली बायको बांधावर उभी होती.

मग मी ती वळवायला गेलो.

ही गाडी वळत नाही. म्हणजे वळते, पण आपल्या मनाने. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. तू थांब, तू चल, असं एकेकाला सांगायची सोय नाही. अंग आतल्या बाजूला झोकून, वजन मात्र बाहेरच्या पायावर टाकलं तर ती राजी होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तोल जातोय असं वाटताच मोटरसायकलवाल्याच्या सवयीने मी पाय जमिनीवर टेकवला. मागचं चाक पुढे आलं, पोटरीवर चढलं आणि मला खाली ओढून घेतलं. माती मऊ, टायर मऊ, म्हणून हाड वाचलं.

बायको शांतपणे चालत आली. “तुम्ही तुमच्याच आंगावर गाडी घातली?”

“पाय मधात आला.”

“कोनाचा?”

या प्रश्नाला आमच्या कचेरीच्या कोणत्याही कागदावर रकाना नाही.

पण मी गाडी घेतली, आणि केवळ हौसेसाठी घेतली असं कुणी म्हणू नये. त्या चिखलात आडवा पडलो असतानाच मला माझे सासरे, मामाजी, आठवले होते.

मामाजींचं गाव झरी जामणीच्या बाजूला. गावाखाली त्यांची चांगली काळी जमीन आहे, पण जीव सगळा वरच्या वावरात. पांदणीने, वावरांमधल्या गाडवाटेने, नाल्यापर्यंत जायचं, नाला ओलांडायचा, मग मुरमाचा उभा चढ, आणि वर टेकडीच्या खांद्यावर ते वावर. मागे सागाचं जंगल. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच नाल्यात मामाजी घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसली, हातात काठी आली, आणि डॉक्टरने पावसाळ्यात त्या वाटेला जायचं नाही असं बजावलं. त्याच साली बैलजोडी विकली. उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर बसून वर जाता येई, पण मामाजी जात नसत. “उन्हाच्या दिसात वावर पाहनं म्हंजे निजल्या मानसाले भेटाले जानं होय,” असं त्यांचं म्हणणं. त्यांना ते भरलेलं पाहायचं होतं.

माझा साळा त्यांना फोनवर तिथल्या कपाशीचे फोटो काढून आणून दाखवी. मामाजी फोटो बराच वेळ पाहत, मग बोटाने फोन थोडा वाकडा करत आणि विचारत, “याच्या मांगं का हाय?”

“मांगं तेच हाय बाबा. पऱ्हाटीच.”

“तू दिसून राह्यली तेवढी सांगतं. मी मांगचं इचारून राह्यलो.”

आणि यंदा साळ्याने ठरवून टाकलं होतं, की पुढच्या सालापासून वरचं वावर पडीत ठेवायचं. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, अर्धं खाऊन जातात, मजूर चढ चढायला तयार नाहीत. त्यावर मामाजी बायकोला फोनवर एवढंच म्हणाले होते, “यंदा भरलं असंन. पाह्यलं असतं एक डाव.” तेव्हापासून तिचं कामात लक्ष नव्हतं.

तर पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तीनचाकी एका पिकअपमध्ये टाकून सासुरवाडीच्या वेशीपर्यंत नेली, आणि तिथून ऐटीत चालवत गावात शिरलो. माझ्या आधी बातमी घरी पोहोचली होती. ती अशी, की जावई तीनचाकी चालवत येत आहेत. सासूबाईंनी ओट्यावरच कपाळाला हात लावला होता.

“माय वं! जवाईबापूची नोकरी गेली का? ऑटो चालवून राह्यले म्हन्ते.”

गाडी पाहिल्यावर त्यांचं दुःख अर्धं कमी झालं आणि अर्धं वाढलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. सासुरवाडीत जावयाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. जावयाने चहात मीठ घातलं तर घरातली माणसं आपापल्या कपात मीठ घालतील. मी लग्नानंतरची सगळी वर्षं हा मान मनसोक्त भोगला आहे, आणि त्याची धार दुसऱ्या बाजूनेही लागते हे त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरोघरी खांदमळण चालू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू वाहून आलेले घट्टे शेकतात आणि त्यांच्या कानात जेवणाचं आवतन देतात. माझ्या सासुरवाडीला बैल नव्हते. तरी सासूबाईंनी सवयीने वाटीत तूपहळद कालवली होती, आणि ती वाटी घेऊन त्या अंगणात नुसत्याच उभ्या होत्या. मामाजी खाटेवर बसून रिकाम्या गोठ्याकडे पाठ करून काठीने जमिनीवर काहीतरी टोकरत होते.

ते मला पाहवेना. आणि मला काही पाहवेनासं झालं, की माझ्या हातून काहीतरी होतं.

“आणा मामी ती वाटी,” मी म्हणालो. “आपल्या घरी बैल नाही असं कोण म्हणतं?”

मी तीनचाकी अंगणाच्या मधोमध आणली. आता हिचा खांदा कोणता? बैल जिथे जू घेतो तो खांदा. हिची मान म्हणजे हँडल. मी पळसाच्या पानाने हँडलला तूपहळद चोळली. दोन्ही मुठींना चोळली, रबराच्या खाचाखाचांतून चोळली, आणि अंगठ्याच्या त्या खटकीलाही प्रेमाने चोळली. मग खाली वाकून तिच्या दिव्याजवळ तोंड नेऊन म्हणालो, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

मामाजी हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे मागचे दात दिसले. साळा माझ्या हाताकडे, मग मुठींकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत राहिला. तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, कौतुकाने शब्द सुचत नसतील.

सकाळी मी मुठी रुमालाने पुसल्या आणि मामाजींसमोर गाडी उभी केली.

“बसा मामाजी. वरचं वावर पाहून येऊ.”

बायको म्हणाली, “बाबा, तुम्हाले जाचं हाय का? पायजा, यायनं मांगं स्वतःवरच गाडी घातली होती.”

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते गाडीकडे पाहत होते. “जवाईबापू म्हन्ते त नाही कसं म्हनाव?” असं म्हणत, जणू काही माझ्यावरच उपकार करत, ते काठी बगलेत घेऊन चढलेसुद्धा. रीत त्यांच्याही सोयीची होती.

सासूबाई दारातून पुढे आल्या. “जवाईबापू, आज त…” आणि थांबल्या.

“आज काय मामी?”

“काई नाई. जपून जाजा.”

सीट लांब असल्यामुळे मला वाटलं दोघांची सोय आहे. ती लांब असते ती एकट्यानेच मागेपुढे सरकून तोल सांभाळण्यासाठी, हे ज्ञानही नंतरचं. आमच्याकडे लांब सीट म्हणजे तिघं, असा साधा हिशेब.

पांदण तुडुंब भरलेली होती. दोन्हीकडे बाभळी, मध्ये काळ्या चिखलाचा नुसता रबरबाट. गाडी त्यावरून अशी चालली, की मागे बसलेल्या मामाजींना एकही हिसका बसला नसेल. सुरुवातीला त्यांचे हात माझ्या खांद्यांवर घट्ट होते. हळूहळू ते सैल झाले. मग एक हात उठलेला मला जाणवला. मामाजी बोट दाखवत होते. हे कुणाचं सोयाबीन, त्याच्या शेंगा कशा लागल्या, तो बांध कुणी फोडला. एकेका झाडाशी त्यांची ओळख निघत होती आणि ते माझ्या कानाशी पुटपुटत होते. नाल्यात पाणी गुडघाभर, गढूळ. मी क्षणभर थांबलो. मागून मामाजींनी जिभेने ‘च्यक च्यक’ केलं, बैलाला करतात तसं. आणि शपथेवर सांगतो, गाडी पाण्यात उतरली ती माझ्या अंगठ्याने नाही, त्या आवाजाने. पाणी दोन्हीकडे फाकत गेलं, एक पांढरा बगळा समोरून उठला, आणि जिथे माणसाचं हाड मोडलं होतं त्या दगडावरून आम्ही मऊ मऊ पार झालो.

मामाजींची हनुवटी माझ्या पाठीला टेकली होती आणि तिथे ओलं लागत होतं. नाल्याचं पाणीही उडालेलं असू शकतं.

मग चढ आला. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं, आणि उन्हाने मुठींच्या खाचांतलं तूप पुन्हा जागं झालं. चढावर मी हँडल आवळायला गेलो, तसा तो हातातून साबणासारखा सुटू लागला. मी आणखी घट्ट धरला. धरताना उजवी मूठ सरकली आणि अंगठ्याचा सगळा भार खटकीवर पडला. गाडीने हंबरडा फोडला आणि पुढचं चाक जमिनीवरून उठलं.

त्या क्षणी मला भीती वाटली नाही. ती नंतर वाटली. तेव्हा समोर फक्त ते लाल, चिखलाने माखलेलं चाक होतं, आभाळाकडे तोंड करून फिरत असलेलं, आणि त्याच्या कडेने ऊन ओघळत होतं. उधळलेला बैल मागच्या पायांवर उभा राहावा, आणि आपण त्याच्या शिंगांना लोंबकळत असावं. एवढं मोठं काहीतरी मी आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. धरलेलं होतं तेही सुटत होतं.

“उलार झाली!” मागून मामाजी ओरडले. बैलबंडीत मागे ओझं जास्त झालं की ती पुढून उठते, तिला आम्ही उलार म्हणतो. अशा वेळी मागच्या माणसाने उतरायचं असतं. जन्मभर बंडी हाकलेल्या माणसाने बाकी काही विचार केला नाही.

पुढचं चाक धाडकन खाली आलं. गाडी सुटल्यासारखी चढ चढली, धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, उडाली आणि वावरात जाऊन सरकत थांबायला लागली. मी जिवंत होतो. आनंदाने मान वळवून म्हणालो, “घ्या मामाजी, आलं तुमचं वावर!”

मागे सीट रिकामी होती.

घाबरून मी पुन्हा तेच केलं. पाय टेकवला. मागच्या चाकाने ओळखीने माझी पोटरी घेतली, गाडी वाकडी झाली, माझ्यावर कलली आणि बंद पडली. दुखत फारसं नव्हतं. पाय ओल्या मातीत रुतला होता, वर चाक, त्याच्यावर गाडी. निघत मात्र नव्हता.

“मामाजी!” मी ओरडलो. “मामाजीऽऽ!”

काही नाही. पऱ्हाटीतून वारा जात होता तेवढाच. त्या थोड्या वेळात मी मनातल्या मनात या अपघाताच्या कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या. सळई बसवलेला खुबा, मुरमाचा चढ, नाल्यातले दगड. आणि कारणाच्या रकान्यात: तूप.

मग धुऱ्याखालून काठीचा आवाज आला. टक्. मग दम खाणं. टक्. आधी पांढरी टोपी दिसली, मग चिखलाने काळा झालेला अर्धा चेहरा, मग धोतर, ज्याचा रंग आता सांगता येत नव्हता. दोन पावसाळे ज्या चढाकडे डोळे वर करून पाहायचीही मनाई होती, तो चढ मामाजी काठीवर चढून आले होते.

“जित्ते हा ना जवाईबापू?” ते धापा टाकत म्हणाले. “मले वाटलं, गेले. आता पोरीले का तोंड दाखवू म्हनून आलो वर.”

“जिवंत आहे. तुम्हाला लागलं का?”

“मले का लागते? चिखलात बसलो मी, बसल्यासारखा.”

ते माझ्याकडे दोन पावलं आले. मला वाटलं आता गाडीला हात लावतील. पण मध्येच त्यांची मान उचलली गेली आणि तिथेच राहिली.

मी पडल्या जागेवरून जे पाहत होतो ते सांगतो. कंबरेएवढी पऱ्हाटी, खालून पाहिली तर जंगलाएवढी. पातीन्‌पाती, कळी अन् कळी लागलेली. आजची फुलं पिवळसर पांढरी, कालची गुलाबी पडलेली. मधून तुरीचं उभं तास, एकसलग ओळ, आणि पऱ्हाटीच्या फुलांवर मधमाश्या. पार मागे साग, आणि सागाच्या वर धुऊन ठेवल्यासारखं आभाळ. आणि त्या सगळ्याच्या समोर एक चिखलाने माखलेला म्हातारा, श्वाससुद्धा हळू घेणारा.

“मामाजी,” मी म्हणालो, “जरा पाय…”

“थांबा जवाईबापू,” ते म्हणाले. सासुरवाडीत मला थांबा म्हणणारा पहिला माणूस. “मांगचं पाहून येतो.”

आणि ते निघाले. तासाच्या कडेकडेने, एकेका झाडाला हात लावत. काठीचा आवाज लांब लांब गेला.

खूप वेळाने बायको आणि साळा धावत, घसरत वर आले. बायकोचा आधी जीव गेला, मग माझा चेहरा पाहून परत आला.

“पुन्हा?”

“पाय मधात आला.”

“भाऊजी, मले काल दिसलं होतं,” साळा अपराध्यासारखा म्हणाला. “मुठीले तूप लावून राह्यले म्हनून. पन जवायाले कसं सांगाव?”

“आन् आई म्हने,” बायको म्हणाली, “आवतन देल्यावर त्या दिशी जुंपत नसते. पोळ्याच्या दिशी कोनी बैल जुंपते का? तोंडावर आलं होतं तिच्या.”

“मग म्हणायचं ना!”

“तुम्ही जवाई ना!”

साळ्याने गाडीला हात घातला, तेवढ्यात बायकोने त्याचं मनगट धरलं. “बाबा कुठी हायेत?”

मी हात वर करून दाखवला. वावराच्या पार टोकाला, सागाच्या कडेला, जिथपर्यंत कुठल्याच फोटोत कधी काही आलं नव्हतं, तिथे मोहाच्या झाडाखाली पांढरी टोपी दिसत होती. ती हळूच डावीकडे जाई, थांबे, वाके, पुन्हा सरळ होई. बायको धुऱ्यावर बसली. साळाही तिच्या बाजूला बसला. गाडी माझ्यावर तशीच होती, आणि मीही मान वळवून तिकडेच पाहत राहिलो.

मामाजी परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत रोह्याने खाल्लेला एक शेंडा होता. तो त्यांनी साळ्याच्या हातात दिला.

“मांगच्या कोपऱ्यात जाळी नाही टिकत. पुढच्या साली तथी काट्याचं कुंपन घालू. मोहाखालची जागा वाया चालली, दोन तास तुरीचे तथीबी निंगते.”

साळ्याने शेंड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “बरं बाबा,” तो म्हणाला. पडीत हा शब्द कुणीच उच्चारला नाही.

मग मामाजींची नजर फिरत फिरत खाली आली.

“काहून जवाईबापू,” ते नवलाने म्हणाले, “तुम्ही अजून खालीच?”